तलफेची लाट आणि माजी सैनिक

व्यसन ही निव्वळ इच्छाशक्तीची बाब आहे, असे मानणाऱ्यांना व्हिएतनाम युद्धानंतरची एक पाहणी अडचणीत टाकते. १९७१ मध्ये तेथून परतलेल्या अमेरिकी सैनिकांचा ली रॉबिन्स या संशोधिकेने पाठपुरावा केला, तेव्हा युद्धभूमीवर साधारण पाचांतला एक जण हेरॉइनच्या आहारी गेल्याचे आढळले. मायदेशी परतल्यावर पहिल्या वर्षात मात्र त्यांच्यापैकी जेमतेम ५ टक्के पुन्हा व्यसनाधीन झाले. स्वस्त हेरॉइन आणि त्याची आठवण करून देणारे सारे वातावरण मागे राहिले, हे त्याचे एक मोठे कारण मानले जाते. परंतु ज्याचे पिणे घरी परतल्यावर, रात्रीची भयस्वप्ने टाळण्यासाठी सुरू झाले, त्या माजी सैनिकाने कोठे जावे? सीॲटलच्या वॉशिंग्टन विद्यापीठात ॲलन मार्लॅट, सारा बोवेन व नेहा चावला या मानसशास्त्रज्ञांनी आखलेला आठ आठवड्यांचा सजगतेचा (माइंडफुलनेसचा) कार्यक्रम अशाच पेचासाठी उपयोगी आहे.

तलफ म्हणजे मेंदूने बांधलेला अंदाज. मेंदूशास्त्रज्ञ वोल्फ्राम शुल्ट्झ यांनी माकडांच्या मेंदूतील डोपामिन हे संदेशवाहक रसायन स्रवणाऱ्या पेशींचे संकेत टिपले, तेव्हा आरंभी त्या फळाचा रस मिळताच उद्दीपित होत. रसाआधी ठरावीक खूण दिसते हे माकड शिकल्यावर त्या पेशी खुणेलाच प्रतिसाद देऊ लागल्या आणि प्रत्यक्ष रसाच्या वेळी शांत राहू लागल्या. खूण दिसूनही रस आला नाही, तर तो यायला हवा होता नेमक्या त्याच क्षणी त्यांची क्रिया नेहमीच्या पातळीखाली घसरली. डोपामिनला सरसकट ‘सुखाचे रसायन’ म्हणून विकणाऱ्यांनी हे जरूर वाचावे. माजी सैनिकाच्या बाबतीत अशी खूण म्हणजे संध्याकाळचा रिकामा तास किंवा ४ जुलैचे, अमेरिकेच्या स्वातंत्र्यदिनाचे फटाके. त्यांच्यासरशी छाती आवळते, घशाला कोरड पडते, हात बाटलीकडे जातो आणि प्यायल्यावर मिळणारा तात्पुरता दिलासा तो दुवा आणखी घट्ट करतो.

मार्लॅट यांनी अशा वेळी तलफेशी झुंजण्याऐवजी लाटेवर स्वार होणाऱ्यासारखे तिच्यासोबत राहण्यास सांगितले: ती शरीरात कोठे आहे, ती आवळते की जाळते, आता वाढते आहे की ओसरते आहे, हे श्वासाचा आधार घेऊन पाहत राहायचे. न पिताच तलफ ओसरून गेली की अंदाज खोटा ठरतो. असे वारंवार घडल्यास जुन्या शिकवणीवर नवी बसते, असा तर्क आहे. जुनी पुसली जात नाही, म्हणूनच वर्षांनीही एखादा वास माणसाला घसरवू शकतो.

या कामाला महाराष्ट्राचाही धागा आहे. कार्यक्रम आकाराला येण्यापूर्वी मार्लॅट यांच्या गटाने सीॲटलच्या एका तुरुंगातील दहा दिवसांच्या विपश्यना शिबिरांचा अभ्यास केला होता, आणि ती शिबिरे इगतपुरीत केंद्र उभारणाऱ्या गोएंका यांच्या परंपरेतली होती. २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या २८६ जणांच्या चाचणीत वर्षअखेरीस सजगता गटातील नशेचे दिवस व्यसनाकडे पुन्हा वळणे टाळण्याचे प्रचलित प्रशिक्षण घेतलेल्यांहून कमी भरले. हे सगळे काही माजी सैनिक नव्हते, आणि सहा महिन्यांपर्यंत दोन्ही पद्धतींत फारसा फरक नव्हता. त्यामुळे चक्रे जागवून दारू सोडवण्याची हमी देणाऱ्यांनी या चाचणीचा आधार घेऊ नये. वर्षानुवर्षे भरपूर पिणाऱ्याने दारू एकाएकी थांबवल्यास झटके येऊ शकतात. तो टप्पा डॉक्टरांच्या देखरेखीखालीच पार पाडावा लागतो.

युद्धाचा आघात सोसलेल्यांसाठी आणखी एक दुरुस्ती करावी लागते. डोळे मिटून स्वस्थ बसताच काहींच्या मनात स्फोटाची दृश्ये उसळतात. अशांना डोळे उघडे ठेवून तळव्यांना लागणाऱ्या जमिनीकडे लक्ष देण्यास सांगतात आणि दाराकडे पाठ होणार नाही अशी खुर्ची देतात.