कर्नलच्या माळ्यावर काय ठेवायचं?

लॅमिंग्टन रोडवरून जुना लॅपटॉप उचलायचा, त्यात एसएसडी टाकायची, लिनक्स चढवायचं आणि मग ‘अजून हलकं होईल का हे?’ म्हणत स्वतःचा कर्नल कंपाइल करायला बसायचं, हा मुंबईतल्या संगणकवेड्यांचा जुना छंद. तयार ऑपरेटिंग सिस्टिम फुकट मिळत असताना ती पुन्हा घडवायची कशाला, असं विचारलं की बहुतेक जण ‘वेगासाठी’ असं सांगतात. माझ्या मते या खटाटोपाचं हे सगळ्यात कच्चं कारण आहे. पक्की कारणं वेगळी आहेत आणि त्यातलं एक तर थेट मराठीशी निगडित आहे.

कर्नल म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा. मेमरी कोणाला किती द्यायची, प्रोसेसरवर पुढची पाळी कोणाची, डिस्कवरची फाइल कशी वाचायची, वाय-फायच्या चिपशी कसं बोलायचं, हे सगळं तो बघतो. लिनक्सचा कर्नल मुख्यतः सी भाषेत लिहिलेला आहे आणि कंपायलर तो मजकूर प्रोसेसरला कळणाऱ्या सूचनांत उतरवतो. पण त्याआधीच काय घ्यायचं आणि काय गाळायचं हे आपल्याला सांगता येतं. गाळलेला भाग तयार कर्नलमध्ये कुठेच उरत नाही.

लिनस टॉरवाल्ड्स यांनी सप्टेंबर १९९१ मध्ये ०.०१ ही पहिली आवृत्ती काढली, तेव्हा सगळा मामला सुमारे १०,००० ओळींचा होता. सेटिंग बदलायचं म्हणजे कोडमधली व्याख्यांची हेडर फाइल उघडून हातानं खाडाखोड करायची. हार्ड डिस्कची मापंसुद्धा तिथेच लिहिलेली, त्या व्याख्येचं नाव ‘लिनस एचडी’ आणि कीबोर्ड फिनिश. एका माणसानं आपल्या मशीनपुरतं केलेलं काम होतं ते. आज ओळी ३ कोटींच्या पुढे गेल्यात आणि पर्याय १५,००० हून अधिक आहेत. एवढा पसारा हातानं खोडणं अशक्य म्हणून २००२ मध्ये रोमन झिप्पेल यांची केकॉन्फिग ही पद्धत कर्नलमध्ये आली. टर्मिनलवर, म्हणजे आज्ञा टाइप करायच्या खिडकीत, ‘मेक मेन्युकॉन्फिग’ लिहिलं की निळ्या पडद्यावर जो मेनू उघडतो, तो तिचाच.

त्या मेनूतल्या बऱ्याच पर्यायांना तीन उत्तरं चालतात. ‘वाय’ म्हणजे कर्नलमध्येच घ्या, ‘एन’ म्हणजे नको आणि ‘एम’ म्हणजे मॉड्यूल करा. गिरगावातल्या चाळीत दहा बाय बाराच्या खोलीत वाढलेल्यांना हे सांगायला नको. रोजचं सामान हाताशी, गणपतीचं मखर आणि पाहुण्यांच्या गाद्या माळ्यावर. मॉड्यूल हे माळ्यावरचं सामान. डिस्कवर पडून असतं, लागलं की मेमरीत उतरवायचं. डिस्ट्रो, म्हणजे लिनक्सचे तयार संच, बनवणाऱ्यांना तुमचा लॅपटॉप कोणता हे माहीत नसतं, म्हणून ते अशी हजारो मॉड्यूल भरून ठेवतात. नवखा माणूस उत्साहात सगळ्यालाच ‘एम’ म्हणत सुटतो आणि ज्या ड्रायव्हरनं डिस्क वाचायची त्यालाही माळ्यावर टाकतो. आता शिडीच माळ्यावर! मशीन सुरू होतं, रूट फाइल सिस्टिम, म्हणजे डिस्कवरची मुख्य फाइल-मांडणी, सापडत नाही म्हणून कर्नल पॅनिकचा संदेश झळकतो आणि सगळं जागच्या जागी थांबतं. यावर तोडगा आहे इनिटरामएफएसचा: डिस्क उघडायला लागणारे मोजके ड्रायव्हर एका छोट्या गठ्ठ्यात बांधायचे आणि बूटलोडरनं, म्हणजे कर्नल सुरू करून देणाऱ्या छोट्या प्रोग्रामनं, तो गठ्ठा कर्नलबरोबरच मेमरीत आणायचा. सगळ्या मोठ्या डिस्ट्रो हेच करतात. पण डिस्कचा ड्रायव्हर आणि तिची फाइल सिस्टिम या दोन्हींना ‘वाय’ म्हटलं, तर साध्या मांडणीत या गठ्ठ्याचीही गरज उरत नाही.

आता त्या वेगाकडे वळू. कंपायलरला ‘माझ्याच प्रोसेसरसाठी बनव, शक्य तेवढं वेगवान बनव’ असं सांगता येतं. व्हिडिओ रूपांतर किंवा वैज्ञानिक आकडेमोड करणाऱ्या प्रोग्रामला त्याचा खरोखर फायदा होतो, कारण आजच्या प्रोसेसरमध्ये एकाच सूचनेत अनेक आकड्यांवर काम करणारे रुंद रजिस्टर, म्हणजे प्रोसेसरच्या आतल्या साठवणजागा, असतात. कर्नल मात्र स्वतःच्या कामासाठी ते रजिस्टर सहसा वापरत नाही. ती रजिस्टर चालू प्रोग्रामच्या मालकीची असतात. कर्नल त्यांना हात लावू लागला तर प्रत्येक वेळी आत येताना त्यांतला मजकूर जपून ठेवायचा आणि जाताना परत भरायचा, हे फार महागात पडेल. म्हणून कर्नल कंपाइल होताना या सूचना मुद्दाम बंदच ठेवलेल्या असतात. शिवाय तो सुरू होताना प्रोसेसर ओळखतो आणि स्वतःच्याच कोडमधल्या काही जागी त्या प्रोसेसरला सोयीच्या सूचना बसवतो. तयार कर्नलसुद्धा हे करतोच, मग हातानं साधायचं उरतं किती? कोड वेगवान करण्याची कंपायलरची ओ-३ ही चढी पातळीही अनेकदा उलटते. कोड फुगतो, प्रोसेसरच्या छोट्याशा कॅशमध्ये, म्हणजे हाताशी असलेल्या जलद मेमरीत, मावत नाही आणि मग वाट बघण्यात वेळ जातो. टॉरवाल्ड्स यांचा कर्नलसाठी ओ-३ला विरोध आहे तो उगाच नाही.

वेगाच्या जवळपासचा एक पर्याय मला मात्र आवडतो: घड्याळाच्या टिकटिकीचा. कर्नलनं सेकंदाला किती वेळा थांबून ‘आता पाळी कोणाची’ हे पाहायचं? मेनूत १००, २५०, ३०० आणि १००० हे आकडे दिसतात. १०० किंवा १००० समजू शकतं, पण हे ३०० कुठून आलं? आपलं जुनं दूरदर्शन ज्या पाल पद्धतीचं होतं, तिच्यात सेकंदाला २५ चित्रं असतात आणि अमेरिकेतल्या जुन्या एनटीएससीत साधारण ३०. दोन्हींनी निःशेष भाग जातो म्हणून ३००. मदतीच्या मजकुरात हे कारण चक्क लिहिलेलं आहे.

आता मराठीकडे. दादरच्या डीटीपीवाल्यानं पेन ड्राइव्हवर ‘लग्नपत्रिका’ नावाची फाइल दिली. पेन ड्राइव्ह फॅट पद्धतीनं फॉरमॅट केलेला, म्हणजे लांब नावं त्यावर युनिकोडमध्येच साठवलेली असतात. देवनागरी तिथे शाबूत आहे. पण ती नावं प्रोग्रामला कोणत्या अक्षरसंचात दाखवायची याचा पर्याय कर्नलमध्ये वेगळा आहे आणि त्याचं मूळ उत्तर आयएसओ ८८५९-१, म्हणजे पश्चिम युरोपची अक्षरं. ते तसंच ठेवून कर्नल बनवला आणि पेन ड्राइव्ह टर्मिनलवरून हातानं जोडला, की देवनागरीतल्या प्रत्येक अक्षरचिन्हाजागी प्रश्नचिन्ह. सारख्या लांबीच्या नावांच्या दोन फाइली तर ओळखूच येत नाहीत. फाइल बिघडली म्हणून डीटीपीवाल्याशी भांडायला जाऊ नका. फॅटच्या पर्यायांत यूटीएफ-८, म्हणजे देवनागरीही सामावणारं युनिकोडचं रूप, हे मूळ उत्तर ठरवण्याची वेगळी ओळ आहे, तिला ‘वाय’ म्हणा. डेस्कटॉपवर टिचकी मारून पेन ड्राइव्ह उघडणाऱ्याला हा त्रास सहसा होत नाही, कारण तिथला प्रोग्राम जोडतानाच यूटीएफ-८ मागतो. कर्नलच्या काळ्या टर्मिनलवर मात्र मराठीची आशा धरू नये. त्याच्या फॉन्टमध्ये जास्तीत जास्त ५१२ आकार मावतात आणि जोडाक्षरं जुळवणं तर त्याला येतच नाही.

गाळण्याचा सगळ्यात मोठा फायदा आहे सुरक्षिततेचा. डीसीसीपी नावाचा नेटवर्क प्रोटोकॉल २००५ साली कर्नलमध्ये आला. वापरणारे विरळच, पण डिस्ट्रोंनी तो मॉड्यूल म्हणून ठेवला होता. त्यातली एक चूक २०१७ साली उजेडात आली. मशीनवरचा कुठलाही साधा वापरकर्ता त्या प्रकारचं सॉकेट, म्हणजे नेटवर्कची जोडणी, मागायचा, कर्नल निमूटपणे मॉड्यूल उतरवून द्यायचा आणि चुकीचा फायदा घेऊन तो वापरकर्ता रूट, म्हणजे मशीनचा सर्वाधिकारी, होऊ शकायचा. ज्यांनी त्या ओळीला ‘एन’ म्हटलं होतं, त्यांच्याकडे ही चूक घुसलेलीच नव्हती.

मग गाळत सुटावं का? इथे जरा गणित बघा. हो किंवा नाही अशी एकमेकांवर अवलंबून नसलेली फक्त २७० उत्तरं असली, तरी त्यांच्या जोड्या दृश्य विश्वातल्या अणूंच्या अंदाजित संख्येहून जास्त होतात. पर्याय तर १५,००० च्या वर आहेत, भले त्यातले पुष्कळ एकमेकांत गुंतलेले असोत. म्हणजे तुमचा कर्नल जसाच्या तसा जगात दुसऱ्या कुणी चालवून पाहिला असण्याची शक्यता नगण्य. कर्नल लिहिणारे रँडकॉन्फिग वापरून यादृच्छिक जोड्या कंपाइल करून पाहतात, तरी ते पिंपात थेंब टाकण्यासारखंच. डिस्ट्रोचा कर्नल जाडजूड असला तरी लाखो मशीनवर घासून निघालेला असतो.

म्हणून शून्यापासून सुरुवात करू नये. डिस्ट्रो तिची उत्तरं बूट डिरेक्टरीत कॉन्फिग नावाच्या फाइलीत ठेवते, ती उचलावी आणि ‘मेक लोकलमॉडकॉन्फिग’ चालवावं. स्टीव्हन रोस्टेड यांचं हे साधन २००९ च्या शेवटी २.६.३२ मध्ये आलं. त्या क्षणी जी मॉड्यूल मेमरीत आहेत तेवढीच ते ठेवतं, बाकीच्यांना ‘एन’. जुन्या लॅपटॉपवर कंपाइल करण्याचं काही तासांचं काम बरंच आटोक्यात येतं. फक्त ‘त्या क्षणी’ हे विसरू नका. जुलैच्या पावसात ब्रॉडबँड गेलं, फोन यूएसबीनं जोडून इंटरनेट घ्यायला गेलात आणि त्याचं मॉड्यूलच बनलेलं नाही, अशी वेळ यायची. तेव्हा आधी फोन, प्रिंटर, पेन ड्राइव्ह, हेडफोन सगळं एकदा जोडून वापरून घ्यावं.

चुका शोधायला लागणाऱ्या डीबग माहितीचा पर्याय बंद केला तर कित्येक जीबी जागा वाचते. कंपाइल करवणाऱ्या ‘मेक’ला ‘जे’ हा पर्याय देताना पुढे एका वेळी किती कामं चालवायची तो आकडा लिहायला चुकू नये. आकडाच नसेल तर ते कामांना मर्यादा घालत नाही आणि ४ जीबी मेमरीचं मशीन स्वॅपमध्ये, म्हणजे मेमरी अपुरी पडली की डिस्क वापरण्यात, बुडतं. मे महिन्यात पंख्याखाली बसून हे करणाऱ्यांनी आकडा आणखी कमी ठेवावा, कारण तापलेला प्रोसेसर तसाही स्वतःचा वेग उतरवतो.

फ्रीबीएसडी या दुसऱ्या ऑपरेटिंग सिस्टिमवाल्यांकडे हीच कल्पना कर्नलबाहेर, अख्ख्या सिस्टिमला लावलेली आहे. ‘सोर्स डॉट कॉन्फ’ या फाइलीत ‘विदाउट’नं सुरू होणाऱ्या ओळी लिहायच्या, तो भाग बनतच नाही. यात एक मजेशीर खाच आहे: ओळीपुढे ‘नो’ लिहिलं तरी अर्थ तोच. किंमत वाचलीच जात नाही, ओळ आहे की नाही एवढंच पाहिलं जातं. तो भाग पुन्हा हवा असेल तर ओळच पुसायची.

स्वतःचा कर्नल घेतला की सुरक्षेचे अपडेट आपसूक यायचे थांबतात, याचा विचार फार थोडे लोक आधी करतात. नवी आवृत्ती आली की जुनी कॉन्फिग फाइल आणून पुन्हा कंपाइल करावं लागतं. ‘ओल्डडेफकॉन्फिग’ नव्या पर्यायांची मूळ उत्तरं गुपचूप भरतं, ‘ओल्डकॉन्फिग’ एकेक विचारत बसतं. घाई नसेल तर दुसरं घ्या आणि आधीचा चालता कर्नल बूट मेनूतून काढू नका.