आधी तपासणी, मग उलगडा: पाथ ट्रॅव्हर्सलची पार्श्वभूमी

४ ऑक्टोबर २०२१ रोजी अपाचे वेब सर्व्हरची २.४.५० ही आवृत्ती आली. आदल्याच महिन्यात आलेल्या २.४.४९ मध्ये बाहेरच्या माणसाला सर्व्हरवरच्या नको त्या फाइली वाचता येत होत्या, ते भोक बुजवायला. पण ते नीट बुजलं नव्हतंच. तीन दिवसांत २.४.५१ काढावी लागली. इतक्या जुन्या, इतक्या डोळ्यांखालून गेलेल्या सर्व्हरवर ही वेळ का आली, हे कळायला या चुकीचा, म्हणजे पाथ ट्रॅव्हर्सलचा, इतिहास बघावा लागतो.

मूळ युक्ती साधी आहे. युनिक्समध्ये ‘..’ म्हणजे एक फोल्डर वर. वेब ॲप्लिकेशन ब्राउझरकडून फाइलचं नाव घेतं, ते आपल्या ठरलेल्या फोल्डरच्या पाथला, म्हणजे पत्त्याला, जोडतं आणि फाइल उघडून देतं. त्या नावात ‘../’ घुसवलं की पाथ वर सरकतो. किती पायऱ्या चढायच्या हे माहीत असण्याचीही गरज नाही, कारण सगळ्यात वरच्या फोल्डरला, म्हणजे मुळाशी, पोचल्यावर आणखी दहा ‘../’ दिले तरी माणूस तिथेच राहतो. हल्लेखोर सहसा युनिक्सची पासवर्ड फाइल मागून बघतात. तिच्यात आता पासवर्ड नसतात, नुसती युजरांची यादी असते. पण ती प्रत्येक मशीनवर त्याच जागी असते आणि सगळ्यांना वाचता येते, म्हणून दार उघडं आहे हे सिद्ध करायला सोयीची.

मग ‘../’ दिसलं की विनंती नाकारायची, झालं? मायक्रोसॉफ्टच्या आयआयएस सर्व्हरने तेच केलं होतं. यूटीएफ-८ मध्ये, म्हणजे अक्षरं बाइटांत लिहिण्याच्या पद्धतीत, तिरकी रेघ (/) एका बाइटात मावते. पण तोच आकडा पुढे शून्यं भरून, ओढूनताणून दोन बाइटांतही लिहिता येत होता: सी० आणि एएफ. आयआयएस आधी पाथ तपासायचा, त्याला रेघ दिसायची नाही. नंतर उलगडा व्हायचा आणि रेघ प्रकट व्हायची. १७ ऑक्टोबर २००० ला मायक्रोसॉफ्टने इशारा काढला. गंमत म्हणजे ऑगस्टमध्ये दुसऱ्याच दोषासाठी दिलेल्या पॅचने, म्हणजे दुरुस्तीने, हे भोकही बुजत होतं. ज्यांनी तो बसवला नव्हता, ते उघडे राहिले.

मे २००१ मध्ये याचंच भावंड सापडलं. वेबच्या पत्त्यात अक्षराऐवजी टक्क्याचं चिन्ह आणि त्या अक्षराचा आकडा लिहिता येतो, म्हणजे ते एन्कोड करता येतं; सर्व्हर ते उलगडतो, म्हणजे डिकोड करतो. आयआयएस पाथ दोनदा डिकोड करत होता आणि तपासणी पहिल्या फेरीनंतर. त्यामुळे टक्क्याचं चिन्हच एन्कोड करून पाठवलं की काम फत्ते. त्या सर्व्हरवर प्रकरण वाचण्यापुरतंही राहत नव्हतं, विंडोजचा कमांड प्रोग्रॅम चालवता येत होता. सप्टेंबर २००१ मधला निमडा वर्म, म्हणजे आपोआप पसरणारा घातक प्रोग्रॅम, पसरला तो इतर मार्गांबरोबर या दोन्ही भोकांतूनही. यूटीएफ-८ ची व्याख्याही त्याच वर्षी, युनिकोड ३.१ मध्ये, कडक झाली: असं लांबवलेलं रूप वाचायचंच नाही.

आता अपाचेकडे परत. २.४.४९ मध्ये पाथ सरळ करण्याचा कोड बदलला होता. पहिलं टिंब साधं आणि दुसरं एन्कोड केलेलं असेल, तर ते ‘..’ आहे हे त्याला ओळखू येत नव्हतं. २.४.५० ने ते ओळखलं. मग लोकांनी टिंबाच्या एन्कोडिंगमधली अक्षरंच पुन्हा एन्कोड केली. म्हणजे थेट मे २००१. वाचले ते बहुतेक मूळ सेटिंगमुळे: वेब फोल्डरबाहेरचं सगळं बंद ठेवणारी ओळ ज्यांनी काढली नव्हती, त्यांच्या फाइली सुरक्षित राहिल्या.

‘नुसतं वाचता येतं ना’ म्हणून या दोषाला किरकोळीत काढणाऱ्यांनी फोर्टिनेट कंपनीचं व्हीपीएन, म्हणजे बाहेरून ऑफिसच्या नेटवर्कात शिरायचं दार, बघावं. लॉगिनच्या पानावर भाषा निवडायची सोय होती. प्रोग्रॅम भाषेचं नाव घेऊन शेवटी ‘.जेसन’ जोडायचा, त्यामुळे दुसरी फाइल मागताच येऊ नये अशी कल्पना. पण पाथसाठी राखलेली जागा ६४ बाइटांची. नाव पुरेसं लांब दिलं की शेपूट कापलं जायचं आणि हवी ती फाइल मिळायची. त्यात चालू लॉगिनची नोंद ठेवणारी सेशनची फाइलही आली, जिच्यात युजरनेम आणि पासवर्ड उघड्या अक्षरांत होते. पॅच २०१९ च्या मे महिन्यात आला. सप्टेंबर २०२१ मध्ये सुमारे ८७ हजार उपकरणांची लॉगिन माहिती बाहेर पडली. पॅच बसवूनही ज्यांनी पासवर्ड बदलले नव्हते, त्यांना तो असून नसल्यासारखा होता.

डिसेंबर २०२१ मध्ये ग्राफानात, म्हणजे आकडेवारीचे आलेख दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये, असाच दोष निघाला. तिथे तर पाथ साफ करणारं गो भाषेचं फंक्शन वापरलेलं होतं, आणि म्हणून तपासणीच्या टूलची सूचना दुर्लक्षावी अशी टिप्पणीही कोडमध्ये होती. पण ते फंक्शन सुरुवातीचे ‘..’ काढतं ते पाथ मुळापासून सुरू होत असेल तरच. एरवी जसेच्या तसे ठेवतं.

अमेरिकेच्या सायबर सुरक्षा संस्थेने, सिसाने, मे २०२४ मध्ये कंपन्यांना हा दोष मुळातून काढायला सांगितलं, तेव्हा २००७ पासून त्याला ‘अक्षम्य’ म्हटलं जातंय याची आठवणही दिली. माझ्या मते अक्षरं गाळत बसण्यात अर्थ नाही. खरा उपाय ऑपरेटिंग सिस्टीमकडूनच कुंपण घालून घेण्याचा. लिनक्सच्या ५.६ कर्नेलपासून, म्हणजे २०२० पासून, फाइल उघडतानाच ‘या फोल्डरच्या बाहेर जायचं नाही’ असं बजावता येतं. गो भाषेत तशी सोय यायला मात्र फेब्रुवारी २०२५ उजाडलं.