हेलिकॉप्टर कुठे उतरवायचं?

निकालाच्या दुसऱ्या दिवशी एक तक्ता हमखास छापून येतो. अमुक नेत्याच्या सभा 20, त्यातल्या जिंकलेल्या जागा 14, म्हणजे 'स्ट्राइक रेट' 70 टक्के. मग टपरीवरच्या गप्पांपासून वाहिन्यांवरच्या चर्चांपर्यंत सगळीकडे या एका आकड्यावर नेत्यांचं वजन ठरतं. हा तक्ता दिसला की मला राहवत नाही. त्यात संख्याशास्त्रातली एक जुनी आणि फार चिवट चूक दडलेली आहे.

आधी नियम पाहू. प्रत्येक पक्ष निवडणूक आयोगाला स्टार प्रचारकांची यादी देतो. मान्यताप्राप्त पक्षाला 40 नावं देता येतात, नोंदणीकृत पण मान्यता नसलेल्या पक्षाला 20. लोकप्रतिनिधित्व कायदा, 1951 च्या कलम 77 नुसार या नेत्यांच्या प्रवासाचा खर्च उमेदवाराच्या खात्यात धरला जात नाही. उमेदवार त्यांच्याबरोबर व्यासपीठावर बसला, तर मात्र सभेच्या खर्चातला वाटा त्याच्या नावावर पडतो. तरीही "साहेबांची एक सभा द्याच" म्हणत प्रत्येक मतदारसंघातून फोन येत असतात. दिवस मोजके, हेलिकॉप्टर एक किंवा दोन. त्यामुळे कुणाला पुढे करायचं याच्या जोडीला त्याला कुठे पाठवायचं, हेही पक्षाला ठरवावं लागतं.

चेहऱ्याची ताकद खोटी नाही. अमेरिकेतल्या अलेक्झांडर टोडोरोव्ह आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2005 मध्ये एक साधा प्रयोग केला. सिनेटच्या निवडणुकीतला विजेता आणि पराभूत, दोघांचे फोटो शेजारी शेजारी ठेवले आणि ओळखपाळख नसलेल्या लोकांना विचारलं, 'यातला जास्त सक्षम कोण वाटतो?' सुमारे 70 टक्के लढतींत लोकांनी दाखवलेला माणूसच निवडून आला होता. नाणं उडवलं असतं तर 50 टक्के मिळाले असते. पुढे 2009 मध्ये स्वित्झर्लंडमधल्या लहान मुलांना फ्रान्समधल्या उमेदवारांचे फोटो दाखवून विचारलं, 'तुमच्या बोटीचा कप्तान कुणाला कराल?' तिथेही आकडा साधारण तेवढाच आला.

यावरून कुणी मुखसामुद्रिकाचं दुकान थाटू नये. मुलांनी विजेता ओळखला, कर्तबगार माणूस नव्हे. कपाळ आणि हनुवटी पाहून कारभार कळत नाही. चेहऱ्यावरून स्वभाव सांगणारे नवे संगणकी दावेही त्याच पोथीतले.

पण खरी गंमत पुढे आहे. चेहरा चांगला म्हणून माणूस जिंकला, की जिंकता येण्याजोगी जागा दिसली म्हणून पक्षाने तिथे चांगला चेहरा उतरवला? अ‍ॅटकिन्सन, इनोस आणि हिल या संशोधकांनी 2009 मध्ये अमेरिकेतल्या 972 उमेदवारांचे चेहरे तपासले. लढत जितकी चुरशीची, तितका आव्हान देणाऱ्या पक्षाचा उमेदवार दिसायला अधिक सक्षम, असं त्यांना आढळलं. म्हणजे बाण उलट्या दिशेनेही जातो. हे गणितात धरल्यावर चेहऱ्याचा परिणाम उरला, पण थोडा: अपक्ष विचारांच्या मतदारांत सुमारे 4 टक्के, पक्षाशी बांधलेल्यांत 1 ते 3. त्यांनी अभ्यासलेल्या सिनेटच्या 99 निवडणुकांपैकी एकीतही आव्हान देणाऱ्याच्या चेहऱ्याने निकाल फिरला नव्हता.

आता हाच बाण आपल्या तक्त्याला लावू. एक काल्पनिक हिशेब घ्या. पहिल्या नेत्याला पक्षाने अटीतटीच्या 20 जागांवर पाठवलं. तिथे जिंकण्याची शक्यता मुळात 40 टक्के, म्हणजे सभा झाली नसती तर सरासरी 8 जागा आल्या असत्या. सभेने शक्यता 50 टक्क्यांवर गेली आणि 10 आल्या. दुसऱ्या नेत्याला बालेकिल्ल्यातल्या 20 जागा मिळाल्या. शक्यता आधीच 90 टक्के, जागा आल्या 18, आणि सभा नसत्या तरी 18 च येणार होत्या. तक्ता सांगतो, पहिल्याचा स्ट्राइक रेट 50, दुसऱ्याचा 90. पक्षाला दोन जागा मिळवून दिल्या पहिल्याने, दुसऱ्याने एकही नाही. शेवटची षटकं टाकणाऱ्या गोलंदाजाला धावा जास्त पडतात, कारण कर्णधार त्याला कठीण वेळीच चेंडू देतो. तसंच हे.

मोजायचा असतो तो फरक: त्याच जागेवर, त्याच निवडणुकीत, सभा झाली असती तर आणि झाली नसती तर. यातली एक बाजू कधीच घडत नाही, म्हणून ती अंदाजाने उभी करावी लागते. सारख्या जागांचे दोन गट घ्यायचे आणि सभा कुठे घ्यायची हे चिठ्ठ्या टाकून ठरवायचं. चिठ्ठीला बालेकिल्ला कळत नाही, त्यामुळे दोन्ही गटांत पडणारा फरक सभेचाच धरता येतो.

कुठला पक्ष असं करू देईल, असं वाटेल. पण झालंय. जानेवारी 2006 मध्ये टेक्सासचे गव्हर्नर रिक पेरी यांच्या प्रचारात संशोधकांना हे करू दिलं गेलं. कोणत्या भागात टीव्हीच्या जाहिराती कधी सुरू करायच्या, गव्हर्नरांनी कुठल्या शहरात कधी जायचं, हे चिठ्ठ्यांसारख्याच पद्धतीने ठरलं. जाहिरातींचा परिणाम जोरदार दिसला, पण आठवडाभरात ओसरला. आपल्याकडे एखाद्या पक्षाने पुढच्या निवडणुकीत अटीतटीच्या फक्त 30 जागा काढून त्यातल्या 15 चिठ्ठीने सभेसाठी निवडल्या, तर निकालानंतर छापायचा तो तक्ता मी पहाटे उठून वाचेन.