किरिटिमाटीच्या फ्लॅट्सवरची फ्लाय फिशिंग

लगूनच्या (प्रवाळाच्या कड्यानी वेढलेल्या समुद्राच्या पाण्याच्या) आत किंवा बेटाच्या कडेला गुडघाभर, कधी नुसतं घोट्याएवढं पाणी असलेला सपाट वाळूचा नाहीतर प्रवाळाचा पट्टा असतो, त्याला फ्लॅट म्हणतात. तिथे पाण्यातून चालत जायचं, मासा आधी डोळ्यांनी शोधायचा आणि मग त्याच्या पुढ्यात हुकावर बांधलेली हलकी फ्लाय टाकायची, ही फ्लॅट्सवरची फ्लाय फिशिंग. नावात फ्लाय असली तरी इथे माशी नसतेच, केसांची, चकचकीत धाग्यांची बांधलेली नकली कोळंबी किंवा छोटा खेकडा असतो. आपण गरवायला बसतो तेव्हा शिशाचं वजन दोरीला ओढत नेतं आणि मग गळ सोडून वाट बघायची, इथे उलटं आहे, फ्लायला वजन जवळपास नाहीच त्यामुळे जाड लाईनच जड असते आणि ती हवेत मागेपुढे फिरवून तिच्या जोरावर फ्लाय पुढे जाते.

बहामा, बेलीझ, क्यूबा, सेशेल्स अशा बऱ्याच जागा यासाठी प्रसिद्ध आहेत, पण पायी चालून करायच्या फिशिंगसाठी पॅसिफिकमधलं किरिटिमाटी सगळ्यात सरळ उदाहरण वाटतं. किरिबाटी देशाचं हे बेट विषुववृत्ताच्या जेमतेम दोन अंश उत्तरेला आहे. जमीन साधारण 388 चौरस किलोमीटर, म्हणजे प्रवाळी कंकणद्वीपांमध्ये जगात सगळ्यात मोठी, आणि त्या देशाची जवळपास निम्मी जमीन या एकाच बेटावर. कॅप्टन कुक इथे 24 डिसेंबर 1777 ला पोचला म्हणून ख्रिसमस बेट, आणि तिथल्या भाषेत 'टी' चा उच्चार 'स' होतो त्यामुळे किरिटिमाटी लिहिलेलं वाचताना किरिसमस असंच वाचतात. गावांची नावं लंडन, पोलंड, बनाना. पॅरिस पण होतं, ते गाव ओस पडलंय पण पॅरिस फ्लॅट हे नाव फिशिंगवाल्यांच्या तोंडी रोज असतं. 1957-58 मध्ये ब्रिटननी आणि 1962 मध्ये अमेरिकेनी या भागात अणुचाचण्या केल्या, हेही या बेटाबद्दल बोलताना सांगायलाच हवं.

ज्याच्यासाठी लोक येतात तो मासा म्हणजे बोनफिश, स्थानिक नाव इकारी. अंगात बारीक काटे खच्चून भरलेले, पाला मासा खाणाऱ्याला लगेच कल्पना येईल. खवले आरशासारखे असतात, खालच्या वाळूचा रंगच अंगावर उमटतो, त्यामुळे मासा समोर वीस फुटांवर असून दिसत नाही. दिसते ती सावली. नवीन माणूस मासा शोधत बसतो आणि गाईड सावली शोधत असतो, सगळा फरक इथेच पडतो. तपकिरी झाकेचा पोलराइज्ड गॉगल नसेल तर पाण्यावरच्या चकाकीपलीकडे काहीच दिसत नाही, आणि ढग आला की गॉगल असूनही बहुतेक काम थांबतं. कास्टिंग, म्हणजे लाईन फेकणं, कितीही चांगलं असलं तरी डोळे तयार नसतील तर इथे काही उपयोग नाही असं माझं स्पष्ट मत आहे.

सगळं भरतीवर चालतं. पाणी चढायला लागलं की बोनफिश खोल खाडीतून फ्लॅटवर सरकतात, कोळंबी, खेकडे, किडे, शिंपल्या वाळूतून उकरून खातात, तोंड खालच्या बाजूला असतं आणि टाळू-जिभेवर बारीक खडबडीत दात असतात, त्यांनी कवच फोडतात. पाणी फार उथळ असेल तर डोकं खाली घालून खाताना शेपटीचं टोक पाण्याबाहेर येतं आणि उन्हात लकाकतं. ओहोटी लागली की परत खोलात. उधाणाचे दिवस आणि भांगाचे दिवस यात पाण्याची चाल वेगळी असते त्यामुळे कोणत्या दिवशी कुठला फ्लॅट घ्यायचा हे गाईड ठरवतो, ते त्याच्यावर सोडावं.

प्रत्यक्ष गोष्ट साधारण अशी घडते. बोटीनी फ्लॅटच्या कडेला सोडतात, गाईड तुमच्या खांद्याला लागून चालतो, पाय उचलून न टाकता घासत न्यायचे म्हणजे वाळूत बसलेला पाकट बाजूला होतो. गाईड थांबतो, हात करतो, "अकरा वाजता, चाळीस फूट", तुमच्या समोर बारा धरायचे. माशाच्या चार-पाच फूट पुढे फ्लाय पडली पाहिजे, डोक्यावर पडली तर तो गेलाच. खाली बसू द्यायची, मग हातानी लाईन थोडी थोडी ओढायची. मासा वळतो, मागे येतो, शेपूट थरथरते आणि तो खाली झुकतो, त्या क्षणी रॉड वर उचलायचा मोह होतो आणि तिथेच बहुतेकांचा मासा जातो. रॉड खालीच ठेवून लाईन लांब ओढायची, हुक लागला की मग लाईन सुटू द्यायची. रीलवरची लाईन संपून मागचं बॅकिंग, म्हणजे लाईनच्या मागे जोडलेली बारीक दोरी, सुटायला लागतं, शंभर मीटर एका दमात जाणं काही विशेष नाही.

बोनफिशला 9 फुटी 8 नंबरचा रॉड पुरतो, नंबर म्हणजे रॉड किती जड लाईनसाठी आहे ते. जायंट ट्रेव्हली म्हणजे जीटीसाठी 12 नंबर लागतो, तो मासा दुसऱ्याच जातकुळीचा, ताकदीचा आणि शिकारी, त्याच्यासाठी मोठा रॉड गाईडच्या हातात तयार असतो. व्यापारी वारे कायम असल्यामुळे वाऱ्यात लाईन टाकायची सवय घरूनच करून यावं. फ्लायला मण्यांचे डोळे बांधतात, त्या वजनानी हुकाचं टोक वर राहतं आणि वाळूत-प्रवाळात अडकत नाही. क्रेझी चार्ली नावाची ही फ्लाय 1977 मध्ये बहामातल्या अँड्रॉस बेटावर बॉब नॉहाइम यांनी बांधली आणि गाईड चार्ली स्मिथ यांच्यावरून नाव पडलं, तिचाच एक प्रकार ख्रिसमस आयलंड स्पेशल.

मासा सोडून द्यायची पद्धत आहे पण सोडला म्हणजे जगला असं नाही. दमलेला बोनफिश तोल गेलेला असताना सुटला तर फ्लॅटवरचे शार्क त्याला खातात, बहामातल्या अभ्यासांतही हेच दिसलंय. म्हणून लवकर ओढून आणायचा, हात ओले ठेवायचे, फोटोसाठी पाण्याबाहेर धरायचा नाही, हुकाच्या टोकाजवळचा उलटा काटा आधीच दाबून सपाट करून ठेवायचा. शार्क जवळ दिसला तर मासा सोडायची जागा बदलायची. 2015-16 च्या एल निन्योत या बेटाभोवतीचे बहुतेक प्रवाळ मेले, पाणी महिनोन्‌महिने तापलेलं राहिलं होतं. त्या पाण्यावर जगणारी माणसं आहेत, सात हजारांच्या आसपास, त्यांच्या जेवणातही मासाच असतो, एवढं लक्षात ठेवून तिथे जावं.

जायचा नेहमीचा रस्ता हवाईतल्या होनोलुलुहून, विमानं मोजकीच. दोन्ही ठिकाणी घड्याळ तेच पण किरिबाटीनी 1995 ला तारीखरेषा पूर्वेकडे सरकवली त्यामुळे तारीख एक दिवस पुढची असते, बुकिंग करताना हॉटेलची तारीख तिकडची धरायची.