टाके कधी घालणार? उघड्या ठेवलेल्या जखमेची पार्श्वभूमी

ऊसतोडीचा हंगाम लागला की सांगली-मिरजेकडच्या दवाखान्यांत कोयत्याच्या जखमा येऊ लागतात. बहुतेक वेळा डावा हात, नाहीतर नडगी. जखमेत चिखल आणि पाचटाचे तुकडे. डॉक्टर ती सलाईनने धुतात, काळं पडलेलं मांस कापून काढतात, ओलसर गॉज भरून पट्टी बांधतात आणि टाके न घालता पेशंटला वॉर्डात पाठवतात. मग बाहेर बसलेली माणसं काळजीत पडतात. "सिस्टर, एवढी मोठी जखम उघडीच ठेवलीया, टाकं कवा घालणार वो?"

हा प्रश्न मी दर हंगामात ऐकते. घाईत "डॉक्टरांनी सांगितलंय" एवढंच उत्तर मिळतं, आणि ते पुरेसं नाही. पेशंटकडे दुर्लक्ष झालं, असं घरच्यांना वाटत राहतं.

खरं तर हे शहाणपण फार जुनं आहे. सुश्रुतसंहितेत सूत्रस्थानाच्या 25व्या अध्यायात जखम कधी शिवावी आणि कधी शिवू नये, हे स्पष्ट दिलं आहे. माती, केस, नखं, सुटलेलं हाड आत राहिलं तर जखम पिकते, म्हणून आधी ती शुद्ध करा, मग शिवा. व्रणावरचे, म्हणजे जखमेवरचे, 60 उपक्रम (उपचार) याच ग्रंथात आहेत. बिघडलेला दुष्ट व्रण, स्वच्छ झालेला शुद्ध व्रण आणि भरू लागलेला रुह्यमान व्रण, असा फरकही सुश्रुताने केला. आज ड्रेसिंग सोडल्यावर आम्ही पहिल्यांदा बघतो तेही हेच.

युरोपात मात्र जखमेत पू होणं हे कित्येक शतकं चांगलं लक्षण मानलं जाई. तो समज मोडायला 1865 उजाडावं लागलं. ग्लासगोमध्ये गाडीचं चाक पायावरून गेलेला 11 वर्षांचा मुलगा शल्यवैद्य जोसेफ लिस्टरकडे आला. हाड मोडून कातडीतून वाट झालेली. अशा वेळी बऱ्याचदा पायच कापावा लागे. लिस्टरने जंतू मारणाऱ्या कार्बोलिक ॲसिडची पट्टी ठेवली. चार दिवसांनी उघडून पाहिलं तर पू नव्हता, आणि पुढे हाडही जुळलं. 1867 मध्ये त्याने आपला अनुभव प्रसिद्ध केला. त्यानंतर तीस वर्षांच्या आत, 1894 मध्ये, मिशनरी डॉक्टर विल्यम वॉनलेस यांनी मिरजेत रुग्णालय उभारलं. आज मिरज दवाखान्यांचं गाव म्हणून ओळखलं जातं, त्याची सुरुवात तिथली.

पहिल्या महायुद्धाने सुश्रुताचीच गोष्ट पुन्हा शिकवली. फ्रान्स-बेल्जियमच्या खत घातलेल्या शेतांत सैनिक जखमी होत. त्यांच्या जखमा लगेच शिवल्या की आत हवा न लागता वाढणारे जंतू माजत आणि अवयव सडे. मग शल्यवैद्य जखम साफ करून उघडी ठेवू लागले आणि काही दिवसांनी शिवू लागले. खताची माती आणि उघडं मांस ही जोडी आपल्या उसाच्या फडातही तीच आहे.

तरीही कोणत्या जखमेला किती धोका, याचा आकडा कुणाकडे नव्हता. तो 1964 मध्ये आला. ऑपरेशन थिएटरमध्ये अतिनील दिवे लावले तर जंतुसंसर्ग कमी होतो का, हे पाहायला अमेरिकेतल्या 5 रुग्णालयांत पंधरा हजारांहून जास्त शस्त्रक्रियांची नोंद झाली. दिव्यांचा उपयोग फारसा दिसला नाही. पण तुलना नीट व्हावी म्हणून शस्त्रक्रियांचे जे वर्ग पाडले होते, ते टिकले. सर्वांत स्वच्छ गटात 3.3 टक्के जखमा पिकल्या, सर्वांत घाण गटात 28.6 टक्के.

थोड्या बदलाने तेच चार वर्ग आज केसपेपरवर असतात. हर्निया किंवा थायरॉइड 'क्लीन'. पित्ताशयाचं ठरवून केलेलं ऑपरेशन 'क्लीन-कंटॅमिनेटेड', कारण तिथे जंतू असू शकतील असा मार्ग उघडावा लागतो, पण आपल्या ताब्यात. ताजी अपघाती जखम 'कंटॅमिनेटेड'. पू झालेली, आतडं फुटलेली किंवा मेलेलं मांस असलेली जुनी जखम 'डर्टी'. म्हणजे सकाळी फडात लागलेला कोयता तासाभरात आला तर तो तिसऱ्या वर्गात. मुकादमाने चिंधी बांधून कामावर ठेवलं आणि तीच जखम दोन दिवसांनी सडून आली तर चौथ्या. हे मला फार लागतं.

उघड्या जखमेत आत काय चाललेलं असतं? आधी रक्त गोठतं. दिवसभरात पांढऱ्या पेशी जंतूंवर तुटून पडतात. तिसऱ्या दिवसाच्या आसपास मॅक्रोफेज नावाच्या मोठ्या पेशी सूत्रं हातात घेतात, मेलेला भाग गिळतात आणि दुरुस्तीचे रासायनिक निरोप सोडतात. मग बारीक रक्तवाहिन्या फुटतात, कोलॅजेनचे धागे पडू लागतात. चौथ्या-पाचव्या दिवशी गॉज उचलला की तळाशी आटपाडीच्या डाळिंबासारखे लालभडक, ओलसर दाणे दिसतात. वास नाही, पू नाही. हे दिसलं की डॉक्टर म्हणतात, आता घ्या टाक्याला. दाणे फिके आणि चिकट असतील तर थांबायचं. मराठीत जखम 'भरून येते' म्हणतात ते अगदी खरं आहे. ती तळातून वर भरते. वरून मिटवली आणि खाली पोकळी राहिली तर आत पूच साठतो.

हळदीचं विचारणारे पुष्कळ भेटतात, आणि सांगलीत विचारणारच. जखमेवर हळद वापरण्याचं पेटंट 1995 मध्ये अमेरिकेत दिलं गेलं होतं. आपल्या सीएसआयआर या सरकारी संशोधन संस्थेने जुने ग्रंथ पुढे ठेवले आणि 1997 मध्ये ते रद्द करवलं. त्याचा मला अभिमान आहे. पण बरणीतली पूड निर्जंतुक नसते, आणि खोल जखमेत भरलेली हळद आम्हाला तासभर धुऊन काढावी लागते.

टाके निघाले म्हणजे काम संपलं असं नाही. आठवड्याने जखमेची ताकद मूळ कातडीच्या साधारण 3 टक्के असते, तीन महिन्यांनी सुमारे 80 टक्के, आणि पुढे ती पुरती कधीच येत नाही. पोटाचं मोठं ऑपरेशन झालेली बाई पंधराव्या दिवशी "मोळी उचलू का?" म्हणून विचारते, तेव्हा तिच्या पोटावरचा तो वण अजून गुलाबीच असतो.