लापोनियाची पार्श्वभूमी: वारसा १९९६ चा, भांडण १९१९ पासूनचं

स्वीडनच्या वारसास्थळांचा विषय निघाला की लोक ड्रॉटनिंगहोमचा राजवाडा, विस्बीची तटबंदी नाहीतर तानुमची कातळचित्रं यावरच बोलतात. आहेतच ती छान, पण खरा गुंता आहे तो पार उत्तरेला, लापोनियात. साधारण ९,४०० चौ. किमी.चा प्रदेश, १९९६ ला युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आला तो निसर्ग आणि संस्कृती अशा दोन्ही निकषांवर.

१९०९ ला स्वीडनने एका दमात नऊ नॅशनल पार्क जाहीर केले, युरोपातले पहिलेच. त्यात आजच्या लापोनियातलं सारेक होतं आणि स्टूरा शोफालेट, ज्याचं नावच मुळी तिथल्या मोठ्या धबधब्यावरून पडलंय. आणि अवघ्या दहा वर्षांत, १९१९ ला, संसदेने तोच धबधबा आणि त्याच्या वरची तळी पार्कातून वगळून टाकली! कारण काय, तर लुले नदीवर खाली पोर्युसला वीजकेंद्र सुरू झालं होतं, लोहखनिजाची रेल्वे विजेवर न्यायची होती आणि हिवाळ्यात नदी आटली की पाणी पुरेना. मग सुओर्वाला धरण आलं, ते टप्प्याटप्प्याने उंच करत गेले ते थेट १९७० च्या दशकापर्यंत, आणि दरवेळी काठावरच्या सामी (रेनडिअर पाळणारे इथले मूळ रहिवासी) कुटुंबांची घरं पाण्याखाली. त्या जलाशयाची पातळी आजही वर्षात ३० मीटरपर्यंत खालीवर होते, म्हणजे वर बर्फ धरलेला असताना खालून पाणी सोडत राहतात, काठाचा बर्फ खचतो, भेगा पडतात, आता त्यावरून रेनडिअरचे कळप न्यायचे कसे? देशाला वीज हवी होती हे मान्य, पण पार्कची हद्द पेन्सिलच्या रेघेसारखी खोडली ती खोडलीच.

यादीत आल्यावरही कारभार कोणी बघायचा यावर दहाएक वर्षांहून जास्त घोळ चालला. जिल्हा प्रशासन, दोन नगरपालिका आणि नऊ सामी गट, प्रत्येकाचा आराखडा वेगळा. सामींचं म्हणणं सरळ होतं (आणि मला ते पटतं), संस्कृतीचा शिक्का आमच्यामुळे मिळाला ना, मग कारभार बघणाऱ्या बोर्डावर बहुमतही आमचं. शेवटी २०११ ला तसंच झालं, शिवाय निर्णय मतदानाने नाही तर एकमतानेच घ्यायचे असं ठरलं.

पुढे गालोकच्या लोखंडाच्या खाणीचा वाद पेटला. योकमोकजवळची ही जागा लापोनियाच्या हद्दीबाहेर आहे, असं खाणवाले पुन्हा पुन्हा सांगतात, पण कळप काही नकाशा बघून चालत नाहीत, चराईच्या वाटा हद्दीच्या आतबाहेर जातात. मार्च २०२२ ला सरकारने अटी घालून परवानगी दिली, २०२४ ला सर्वोच्च प्रशासकीय न्यायालयाने ती कायम ठेवली. पर्यावरणाचा परवाना मात्र वेगळा काढावा लागतो, आणि सामी गटांचा विरोध तिथेही असणारच.