अडकित्त्यासारख्या दाढांचा 'सिंह'

थायलाकोलिओचे, म्हणजे ऑस्ट्रेलियातल्या नामशेष 'पिशवीवाल्या सिंहा'चे, सुळे दाखवा म्हटलं तर फजिती होते. जबड्यात ते असून नसल्यासारखेच. सुळ्यांशिवाय शिकारी कसला?

ब्रिटिश शरीररचनातज्ज्ञ रिचर्ड ओवेन यांना मात्र तो शिकारी असल्याबद्दल शंका नव्हती. १८५९ साली लंडनमध्ये ऑस्ट्रेलियातल्या जीवाश्मांचं वर्णन करताना त्यांनी या प्राण्याच्या नावात 'कार्निफेक्स', म्हणजे खाटीक, हा शब्द घातला. सिडनीचे प्राणिशास्त्रज्ञ गेरार्ड क्रेफ्ट यांना ते पटलं नाही. त्यांचंही खोटं म्हणता येत नाही. पोटाला पिशवी असणाऱ्या प्राण्यांतला हा कोआला आणि वॉम्बॅट यांचा नातलग, म्हणजे घराणं गवत-पाल्यावर जगणारं. मग तो फळंच खात असेल, असंही काहींनी सुचवलं.

निकाल दाढांनी दिला. वरची आणि खालची एकेक दाढ लांबट पात्यासारखी वाढलेली, एकमेकींना घासून धार धरणारी. अडकित्ताच म्हणा, फक्त खालचं पातंही धारदार. सूक्ष्मदर्शकाखाली या दाढांवर दिसले ते मांस कापल्याचे ओरखडे. सुळ्यांचं काम पुढचे टोकदार पटाशीचे दात करत. पूर्वजांनी सुळे जवळजवळ गमावले होते, तेव्हा हाताशी होतं त्यावरच भागवलं! शंभर किलोचा हा प्राणी अडीचशे किलोच्या सिंहाइतक्या जोराने चावत असावा, असा अंदाज आहे.

पंजा तर त्याहून विलक्षण. अंगठा इतर बोटांपासून सुटा आणि त्यावर भलीमोठी वाकडी नखी. भक्ष्याला अंगठ्याने अडकवायचं आणि दाढांनी कापायचं. २००२ साली दक्षिण ऑस्ट्रेलियातल्या नलारबॉर मैदानाखालच्या गुहेत जवळजवळ अख्खा सांगाडा मिळाला. पुढे शेपटीची हाडं अभ्यासल्यावर ती जाड, ताठ असल्याचं कळलं. मागचे पाय आणि शेपूट यांची तिवई करून बसलं की पुढचे पाय मोकळे.

सुमारे चाळीस हजार वर्षांपूर्वी तो संपला. माणसामुळे की बदलत्या हवामानामुळे, यावर वाद चालूच आहे.

पश्चिम ऑस्ट्रेलियातल्या एका गुहेच्या भिंतीवर त्याच्या नखांचे शेकडो ओरखडे आहेत. बरेचसे लहान, पिल्लांचे. बहुतेक सगळे सर्वांत उभ्या चढावर. कमी चढाची वाट त्याच गुहेत असताना.